उपचारांनंतर शाळा कोणती? व्यसनातून सावरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी

माझा मुलगा दहावीत असताना गांजा ओढतो हे आम्हाला नोव्हेंबरात कळलं. त्याआधीचं वर्षभर आम्ही "वयच तसं आहे, होईल ठीक" असं एकमेकांना सांगत होतो. डिसेंबरच्या शेवटी तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आणि आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. पूर्वपरीक्षा तोंडावर होती, म्हणून नवव्या दिवशी त्याला त्याच शाळेत, त्याच वर्गात, त्याच बाकावर नेऊन बसवलं. तीन आठवड्यांत तो पुन्हा ओढायला लागला. दुसऱ्या खेपेचे उपचार त्यालाही जड गेले आणि आम्हालाही.

आज तो वीस वर्षांचा आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला आणि आता एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस आहे. मधल्या काळात मला सगळ्यात जास्त एकटं वाटलं ते शाळेच्या प्रश्नावर. डॉक्टर उपचारांचं सांगतात, शाळा मार्कांचं सांगते, आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात या मुलाने कुठे बसायचं, कुणाबरोबर बसायचं, हे कुणीच सांगत नाही. रविवारी पालकांच्या गटात नवीन आई आली की तिचा पहिला प्रश्न हाच असतो: "आता शाळेचं काय?" तिला जे सांगते ते इथे लिहिते आहे. आम्ही पिंपरी-चिंचवडचे, त्यामुळे यातले नियम महाराष्ट्राचे आहेत.

अमेरिकेत अशा मुलांसाठी वेगळी हायस्कुलं आहेत. अभ्यास आणि व्यसनमुक्तीची मदत तिथे एकाच छताखाली मिळते. मी शोधलं तेव्हा आपल्याकडे मला तशी एकही शाळा सापडली नाही. त्यामुळे शाळा, डॉक्टर आणि घर यांची मोट आपल्यालाच बांधावी लागते.

१. आधी डॉक्टर, मग शाळा

कुठल्याही शाळेची पायरी चढण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडून तीन प्रश्नांची उत्तरं घ्या. हा रोज किती तास एका जागी बसून शिकू शकेल? औषधांमुळे सकाळी गुंगी राहणार आहे का? आणि जुन्या मित्रांपासून किती महिने लांब ठेवायचं?

पहिला प्रश्न आम्ही विचारलाच नाही. गांजा सुटल्यावर पहिले काही आठवडे झोप लागत नाही, भूक मरते, चिडचिड होते, आणि लक्ष तर लागतच नाही. मुलगा इतिहासाचं पुस्तक उघडून बसायचा. मी चहा घेऊन गेले तेव्हा जे पान होतं, तेच अर्ध्या तासाने कप उचलायला गेले तरी उघडं. मी त्याला आळशी म्हणाले. तो शब्द मला आजही टोचतो, कारण तो जीव तोडून वाचत होता आणि डोक्यात काहीच उतरत नव्हतं.

त्याच भेटीत आणखी एक विचारा: व्यसनाच्या मागे दुसरं काही आहे का? नैराश्य, भीती, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा) किंवा वाचन-लेखनाची अडचण असेल, तर शाळेची निवडच बदलते. अध्ययन अक्षमतेचं रीतसर प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती असतात.

उपचारांची जागाच अजून ठरली नसेल तर शाळेचा विषय बाजूला ठेवा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाईन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, आणि मुलांसाठी १०९८. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून या कामात आहे, आणि बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. केंद्र निवडताना एक गोष्ट आवर्जून विचारा: अठरा वर्षांखालच्या मुलांना कुठे ठेवता? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात. अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि त्याच्यासोबत घरचं किंवा नेमून दिलेलं माणूस राहायचं, असं हा कायदा सांगतो. पहिल्या खेपेला आमचा मुलगा मोठ्या माणसांच्या खोलीत होता, आणि नको ते तिथेच शिकून आला.

आता "वर्ष वाया जाईल" याविषयी. आपल्या घरांत दहावीचं वर्ष म्हणजे लग्नकार्यासारखं असतं. केबल बंद, पाहुणे बंद, सगळं घर त्या एका मार्चसाठी श्वास रोखून बसलेलं. अशा वेळी "यंदा परीक्षा नको" म्हणायला छाती लागते. आम्ही म्हणालो नाही आणि वर्षही गेलं, मुलगाही घसरला. दुसऱ्या वेळी म्हणालो. पुढे प्रवेशाच्या वेळी खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. ते वकील किंवा नोटरीकडून अर्ध्या दिवसात होतं. त्या एका वर्षाची किंमत सरकारदरबारी एवढीच आहे.

२. एक फाईल करा

दुसऱ्यांदा शाळा शोधायला निघाले तेव्हा एक साधी बटणाची फाईल केली. तिने माझे निदान दहा हेलपाटे वाचवले. तिच्यात हे हवं:

- शाळा सोडल्याचा दाखला (एलसी), मूळ आणि चार झेरॉक्स
- मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं
- जन्मदाखला, आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- लागू असेल तर जातीचा दाखला
- बोर्ड बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन)
- "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैद्यकीय उपचार चालू होते, आता शिक्षण सुरू करण्यास हरकत नाही" एवढाच मजकूर असलेलं डॉक्टरांचं पत्र
- केंद्राचं डिस्चार्ज कार्ड. हे फाईलच्या मागच्या कप्प्यात ठेवा. घरासाठी आणि डॉक्टरांसाठी आहे, शाळेच्या टेबलावर काढायचं नाही.

दाखल्याबाबत सांभाळा. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर "वर्तणूक", "शाळा सोडण्याचे कारण" आणि "शेरा" असे रकाने असतात. आम्ही दाखला आणायला गेलो तेव्हा लिपिकांनी घडी करून हातात दिला, सही घेतली. घरी येऊन उघडला तर कारणाच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेलं: "गैरवर्तनामुळे". एक शब्द, पण पुढच्या प्रत्येक टेबलावर हा कागद आपल्या आधी बोलणार. दुसऱ्या दिवशी त्याचे बाबा जाऊन शांतपणे बसले, मुख्याध्यापकांना भेटले, आणि "पालकांच्या विनंतीवरून" असं लिहिलेला नवा दाखला घेऊनच उठले. तेव्हा खिडकीपाशी उभं राहूनच दाखला शब्दन्‌शब्द वाचा, सही नंतर करा. नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव आधार कार्डाशी जुळतं का, तेही तिथेच बघा.

आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा काढून टाकू शकत नाही आणि त्याचा दाखला अडवून ठेवू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. नववी-दहावीला ते संरक्षण तसंच्या तसं मिळत नाही. तिथे दाखला अडला तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

३. पर्याय मांडून बघा

जुनीच शाळा. शिक्षक ओळखीचे, घर जवळ, फी भरलेली. पण माल आणून देणारा मुलगाही तिथेच असतो. जुन्या शाळेत परत पाठवायचं ते दोनच परिस्थितींत: व्यसनाची ओळख शाळेबाहेर झाली असेल, किंवा शाळा तुकडी आणि वेळ बदलून द्यायला तयार असेल. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत दुपारचा मुलगा सकाळी आला, तर अर्धी गर्दी आपोआप सुटते. हजेरीची चिंता असेल तर लक्षात ठेवा, बोर्डाला साधारण ७५ टक्के हजेरी लागते, पण आजारपणाचे कागद वेळेत दिले तर सवलतीची वाट असते. "वेळेत" म्हणजे उपचार चालू असतानाच. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही.

नवी, लहान शाळा. माझा कल इकडे असतो. नाव मोठं नसलं तरी चालेल, पण तुकडीत तीस-पस्तीस मुलं असावीत आणि दुपारी बाराला मुलगा गैरहजर आहे हे बारा वाजून दहा मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात यावं. गावातल्या मोठ्या नावाच्या शाळेत सत्तर मुलांच्या वर्गातून एक मुलगा दोन तास नाहीसा झाला तरी पत्ता लागत नाही.

१७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देण्याचा हा जुना रस्ता. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, सोबत मूळ दाखला, आधार आणि फोटो, आणि मग निवडलेल्या संपर्क शाळेत (बाहेरून बसणाऱ्यांचं काम बघणारी शाळा) कागद नेऊन द्यायचे. पुस्तकं तीच, गुणपत्रक मंडळाचंच. फॉर्म पावसाळ्यात निघतात आणि मुदत संपली की विलंब शुल्क लागतं, म्हणून जूनपासूनच मंडळाच्या सूचनांवर डोळा ठेवा. इथला सापळा असा की फॉर्म भरल्यावर आठ महिने कुणी विचारत नाही. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि प्रकल्प यांच्या तारखा संपर्क शाळेतून स्वतः जाऊन काढाव्या लागतात. दुसरा सापळा मोठा आहे. मुलगा दिवसभर घरी आणि आईबाप कामावर असतील, तर हा पर्याय घेऊ नका. रिकामं घर आणि रिकामी दुपार यांच्यासारखी वाईट जागा नाही. आमचा मुलगा परीक्षा न देता घरी होता त्या वर्षी मी शिवणाच्या ऑर्डर कमी केल्या आणि माझी नणंद दुपारी दोन ते पाच आमच्याकडे येऊन बसायची, म्हणून ते जमलं.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. केंद्र सरकारचं बोर्ड. दहावीसाठी वय किमान १४ आणि बारावीसाठी १५. पास व्हायला किमान पाच विषय. ते एकाच वेळी द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आधीच्या बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. ज्याचं लक्ष अजून लागत नाही, त्याला यंदा दोन विषय आणि पुढच्या खेपेला तीन, असं चालता येतं. ही सवलत मला फार मोलाची वाटते. पण "बसायचीही गरज नाही, पासची गॅरंटी" म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. अभ्यासकेंद्र मान्यताप्राप्त आहे का ते एनआयओएसच्या संकेतस्थळावरच बघा आणि फी तिथेच भरा. ज्या मुलाला आपण खरं बोलायला शिकवतो आहोत, त्याच्या हातात खोट्याने मिळवलेलं गुणपत्रक द्यायचं का, हाही विचार करा.

आयटीआय. दहावी झालेल्या मुलाला याविषयी नुसतं सांगू नका, नेऊन दाखवा. बहुतेक ट्रेडला दहावी पास लागते, काहींना आठवी पासही चालते. दिवसभर कार्यशाळा, हजेरी कडक, आणि हातात हत्यार. माझ्या मुलाचे हात पहिल्या वर्षी थोडे थरथरायचे. निदेशकांनी त्याला सहा महिने फक्त जोडण्या करायला लावल्या. वायर सोलायची, पीळ द्यायचा, स्क्रू आवळायचा, पुन्हा सोडायचं. पहिला स्विचबोर्ड पूर्ण झाला त्या दिवशी तो पिशवीत घालून घरी घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. दोन वर्षांत त्याने पहिल्यांदाच स्वतःहून काही दाखवलं होतं.

अकरावी. दहावी सुटली की सगळे सुस्कारा सोडतात, पण मला विचाराल तर सगळ्यात निसरडी जागा अकरावीच. कॉलेज म्हटलं की हजेरी सैल, हातात गाडी आणि खिशात पैसे. त्यातही "इंटिग्रेटेड" म्हणून जे चालतं, प्रवेश एका कॉलेजात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये, ते आपल्या मुलांसाठी पूर्ण टाळा. कॉलेजला वाटतं तो क्लासला आहे, क्लासला वाटतं तो कॉलेजला आहे. घेतलीच अकरावी, तर जिथे रोज हजेरी होते आणि गैरहजेरीचा मेसेज घरी येतो असं कॉलेज घ्या, ते दोन टक्के खालचं असलं तरी.

हॉस्टेल आणि गाव. नातेवाइकांचा पहिला सल्ला हाच: "पाचगणीला टाका", "सैनिकी शाळेत घाला, सरळ होईल", "मामाकडे गावी पाठवा". यातला कळवळा मी समजू शकते. पण हॉस्टेलमध्ये रात्री दहानंतर मुलांवर मुलांचंच राज्य असतं, आणि बहुतेक हॉस्टेलांना उपचारांचं सांगितलं तर ती प्रवेश देत नाहीत, न सांगता घातलं तर औषधं लपूनछपून घ्यावी लागतात. गावालाही गांजा मिळतो, आणि फॉलोअपला पुण्याला येणं मात्र बंद पडतं. डॉक्टर स्वतः म्हणाले तरच हा रस्ता.

४. रस्ता चालून बघा

शाळेचं माहितीपत्रक वाचण्याआधी शाळा सुटायच्या वेळेला तिच्या फाटकासमोर जाऊन उभे राहा. हे मी तीन शाळांच्या बाबतीत केलं, प्रत्येकी दोन दिवस.

पहिल्या शाळेची इमारत सुंदर होती, मैदान मोठं. साडेबाराला मुलं सुटली आणि पुढच्या फाटकाऐवजी मागच्या बोळाकडे निघाली. बोळाच्या तोंडाशी एक टपरी. बिस्किटं, चॉकलेटं, आणि काउंटरच्या वर दोरीला टांगलेल्या गुटख्यासारख्या पुड्या. युनिफॉर्ममधले चार जण टपरीमागच्या पत्र्याच्या आडोशाला उभे होते. एकाने दप्तर दोन पायांत ठेवलं, ओंजळ केली आणि तोंड ओंजळीत घातलं. मी तिथूनच रिक्षा केली. त्या शाळेचा अर्ज घेतलाच नाही.

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कोटपा कायद्याने बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे साधारण ९० मीटर, सव्वाशे-दीडशे पावलं. फाटकापासून पावलं मोजा. आतमध्ये टपरी असेल आणि शाळेने काहीच केलेलं नसेल, तर ती शाळा बाकीच्या बाबतीत काय करील याचा अंदाज येतो. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलांच्या पालकांनी आसपासची स्टेशनरीची आणि पंक्चरची दुकानंही बघावीत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये ज्याचं प्रमाण जास्त आढळलं असा प्रकार हा हुंगण्याचाच होता.

मग घर ते शाळा हा रस्ता मुलाला सोबत घेऊन चाला आणि त्यालाच विचारा, "यात तुला कुठली जागा नको?" माझ्या मुलाने एका पुलाखालची जागा दाखवली. मी तिथून रोज भाजी आणायला जात होते.

५. मुख्याध्यापकांना किती सांगायचं

लपवायचं की सांगायचं, यावर घरात भांडणं होतात. माझं मत असं: एका माणसाला सगळं सांगा, बाकीच्यांना काही नाही. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायद्याने मुलाला दिलेला आहे, त्यामुळे शाळा पूर्ण वैद्यकीय फाईल मागू शकत नाही. पण कुणालाच सांगितलं नाही तर मुलगा वर्गात घामाघूम झाला किंवा झोपला तर त्याचा अर्थ लावणारं कुणी उरत नाही.

मुलाला विचारून, त्याच्या देखत बोला. मी असं बोलले: "सर, माझा मुलगा वर्षभर आजारी होता. गांजाची सवय लागली होती, उपचार झाले, अजून चालू आहेत. सात महिने तो क्लीन आहे. मला सवलत नको. तो वर्गात नसेल तर त्याच तासाला मला फोन यावा आणि दर महिन्याच्या फॉलोअपला अर्धा दिवस सुट्टी मिळावी, एवढंच मागते." इतकं बोलून गप्प बसा आणि समोरचा पहिलं वाक्य काय बोलतो ते ऐका. "आमच्या शाळेत असलं काही चालत नाही" म्हणणाऱ्या एका सरांना मी नमस्कार करून उठले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी विचारलं, "त्याला काय आवडतं?" या दोन वाक्यांत माझी निवड झाली होती.

काही जण लगेच पोलिसांचं नाव काढतात. घाबरून जाऊ नका. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. गरज पडली तर वकिलांना दाखवा. आणि अल्पवयीन मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गुन्हेगार देणारा असतो, हे शाळेला ठामपणे आठवण करून द्यावं लागतं.

तो "एक माणूस" शिक्षकच असला पाहिजे असं नाही. एका मैत्रिणीच्या मुलीसाठी तो माणूस म्हणजे ग्रंथालयाच्या बाई होत्या. मधल्या सुट्टीत मुलगी पुस्तकांना कव्हरं घालायला तिथे बसायची. बाईंनी कधी काही विचारलं नाही, फक्त तिच्यासाठी एक खुर्ची ठेवली.

६. ठरलं ते कागदावर घ्या

एक पान पुरे. त्यावर पहिल्या महिन्यात रोज किती तास, गैरहजेरीचा फोन कोण कुणाला करणार, औषध शाळेत घ्यायचं असेल तर कुणाकडे राहणार, फॉलोअपच्या तारखा, मन अस्वस्थ झालं तर मुलाने वर्गातून उठून कुठे जाऊन बसायचं. खाली मुख्याध्यापक, पालक आणि मुलगा अशा तीन सह्या. मुलाची सही विसरू नका.

लघवीची तपासणी शाळेने करायची अट घालू देऊ नका. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, डॉक्टरांकडेच व्हावी. शाळेच्या शौचालयाबाहेर डबी घेऊन उभं केलेलं मूल पुन्हा त्या शाळेत मान वर करत नाही.

७. घड्याळ आणि खिसा

शाळा सुटणं आणि क्लास सुरू होणं यातली मोकळी वेळ मोजा. आमच्याकडे ती पावणेदोन तासांची होती आणि पहिल्या खेपेची सगळी गडबड त्याच पावणेदोन तासांत झाली होती. दुसऱ्या खेपेला त्या वेळेत तो पोहायला जायचा. महापालिकेच्या तलावाचा पास स्वस्त पडतो. कबड्डी, ढोलपथक, तालीम, काहीही चालेल, पण तिथल्या माणसांकडेही आधी तसंच बघून या. ढोलपथकात सरावानंतर रात्री कोण कुठे थांबतं, हे विचारायला लाजू नका.

रोख पैसे बसच्या पासापुरते. डबा घरचा. मोबाइल साधा, आणि नवा नंबर. जुन्या नंबरवर पहिल्या रविवारी "कुठे आहेस भावा" असे अकरा मेसेज आले होते.

८. पहिले सहा आठवडे

आठवड्यातून एकदा त्या ठरलेल्या माणसाला दोन मिनिटं भेटा किंवा फोन करा. मार्कांचं विचारू नका. जेवतो का, कुणाबरोबर बसतो, मधल्या सुट्टीत कुठे असतो, एवढंच. घरीही पहिला प्रश्न "अभ्यास झाला का" हा नको. आम्ही जेवताना एकच विचारायचो, "आज कसं गेलं?" आणि तो "ठीक" म्हणाला की गप्प बसायचो. चौथ्या आठवड्यात तो "ठीक"च्या पुढे एक वाक्य बोलला.

पालकांच्या गटाला स्वतः जा. नवरा-बायको दोघांनी. मूल शाळेत बसायला शिकत असतं तेव्हा आपल्याला दर अर्ध्या तासाने त्याचे खिसे न तपासता बसायला शिकावं लागतं.

९. घसरला तर

घसरतात. बरीच मुलं एकदा तरी घसरतात, आणि ते आधीच ठरवून ठेवलं तर शाळा तुटत नाही. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. पहिल्या ओळीत डॉक्टरांचा नंबर, दुसऱ्या ओळीत केंद्रातल्या समुपदेशकांचा, तिसऱ्या ओळीत १४४४६. त्याखाली मुलानेच लिहिलेलं आहे: "मारू नका. ओरडू नका. त्याच दिवशी फोन करा. शाळेला 'आजारी आहे' एवढंच सांगा आणि तिसऱ्या दिवशी मला परत सोडा." तिसऱ्या दिवशी जाता येईल की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्या दिवशीच विचारायचं, पुढच्या सोमवारपर्यंत थांबायचं नाही. दहावीच्या वर्षात तो कागद आम्हाला एकदा लागला. फेब्रुवारीत, परीक्षेआधी पंधरा दिवस. त्याने स्वतःच कपाट उघडलं आणि मला हाक मारली.